दोर झेलणारी माणसे
शिवरीनारायणच्या घाटावर, नावाड्यांच्या सोबतीने एक दिवस

पहाटे ४, भिलई

भिलईत पहाटे चार वाजता रात्रपाळी अजून संपायची असते. पोलाद कारखान्याच्या बाजूचे आकाश तांबूस दिसते, आणि सहाच्या पाळीला निघणाऱ्यांच्या स्वयंपाकघरांत दिवे लागू लागतात. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नागपूर-वर्ध्याकडची कितीतरी मराठी घरे इथल्या सेक्टरांत स्थिरावली. आमचे त्यांतलेच एक. दिवस पाळ्यांनी मोजायचा, हे इथल्या मुलांना शाळेच्या आधी कळते. आज मला ज्यांच्यासोबत राहायचे आहे त्यांचा दिवस नदीच्या पाण्यावर आणि घाटावर येणाऱ्या माणसांवर ठरतो.

भाऊ गाडी काढतो. माघ चालू आहे, शिवरीनारायणचा मेळा भरला आहे. रस्ता दीडशे किलोमीटरहून लांब आहे, पण ओळखीचे पाणी आमच्या आधीच तिकडे निघालेले आहे. दुर्ग-भिलईजवळून वाहणारी शिवनाथ गडचिरोलीच्या सीमेलगतच्या डोंगराळ मुलखातून येते. राजनांदगाव, दुर्ग, नांदघाट ही गावे घेत, मदकू बेटाला दोन्ही हातांनी कवेत धरून ती शिवरीनारायणच्या थोडे अलीकडे महानदीत शिरते. भिलई-दुर्गची माणसे जिला आपली नदी म्हणतात, तिचे पाणी शेवटी त्या घाटापुढून जाते.

महानदीच्या जुन्या जलमार्गावरच्या थांब्यांविषयी मी लिहिते आहे. रेल्वे यायच्या आधी संबळपूरपासून वर रायपूरजवळच्या आरंगपर्यंत या नदीत लहान नावा चालत. पावसाळ्यात पाणी चढले की वाट उघडे आणि माघ-फाल्गुनात वाळू वर आली की बंद होई. संबळपूरहून खाली बिंका, सोनपूर आणि थेट कटकपर्यंत नावांची ये-जा होती. किनाऱ्यावरचे मीठ वर यायचे, इकडचे धान्य आणि तेलबिया खाली जायच्या. त्या लांबच लांब वाटेवर शिवरीनारायण लागायचे. आता लांबच्या नावा येत नाहीत. घाट मात्र अजून नावाड्यांचा आहे, आणि आलेल्या माणसाला घ्यायचे कसे हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही, असे मी ऐकून होते.

सकाळी ८, केंवटपारा

रायपूर, बलौदाबाजार मागे पडले, धुके विरले आणि नदीचे रुंद पात्र दिसू लागले. घाटापासून हाकेच्या अंतरावर केवटांची, म्हणजे नावाड्यांची, वस्ती आहे: केंवटपारा. मातीची, पांढऱ्या छुई मातीने सारवलेली घरे, मधूनमधून पक्की. जवळजवळ प्रत्येक अंगणात वाळत घातलेले जाळे.

ज्या घरी जायचे होते त्या घरच्या सूनबाईंनी आम्हाला पाहिले, आणि आम्ही काही बोलायच्या आत पितळेचा लोटा पाण्याने भरून समोर ठेवला. छत्तीसगडच्या खेड्यांत पाहुण्याचे स्वागत असेच होते. लोटा समोर आला म्हणजे तुम्ही आलात हे घराने मान्य केले. पाय धुवा, चूळ भरा, पाणी प्या. नाव-गाव नंतर.

“पहिली पानी पी लेव, गोठ पाछू होही,” ओसरीवरून आवाज आला. आधी पाणी, मग गप्पा. हे घरातले कर्ते नावाडी. सगळी वस्ती त्यांना कका म्हणते, मीही तेच म्हणते. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी याच घाटावर डोंगा चालवला. समोरच्या काठाला जोडणारा पूल झाल्यावर माणसे आणि सायकली पलीकडे नेण्याचे काम संपले. तरी रोज सकाळी ते डोंग्याकडे जातात, कारण मासे आहेत, यात्रेकरू आहेत, अस्थी घेऊन येणारी कुटुंबे आहेत आणि वाळूतली वाडी आहे.

निखाऱ्यावर पानात भाजलेली अंगाकर रोटी आणि टोमॅटोची झणझणीत चटणी पुढे आली. जाड, खरपूस, तांदळाच्या पिठाची ही रोटी एकदा खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. वल्हे मारणाऱ्या माणसाची ही न्याहारी आहे. आम्हाला ती त्यांच्याइतकीच वाढली गेली.

सकाळी ९, घाट

ककांचा डोंगा फळ्यांचा, सपाट तळाचा आहे. वाळूच्या नदीत खोल तळाची नाव रुतून बसते, म्हणून इथे सपाट तळ लागतो. फळ्यांच्या सांध्यांत चिंध्या ठासून वरून डांबर दिलेले आहे. रात्रभरात आत झिरपलेले पाणी कका डब्याने उपसतात. उपसताना ते किती आले यावर त्यांची नजर असते. नेहमीपेक्षा जास्त असेल तर कुठला तरी सांधा सुटलेला आहे.

इतक्यात खालच्या अंगाने एक मासेमारीचा डोंगा काठाला लागतो. पायरीवर बसलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा उठतो, फेकलेला दोर हवेतच झेलतो, खुंटाला दोन वेढे देऊन अडकवतो आणि पुन्हा जाऊन बसतो. कुणाची नाव, कुठून आली, हे त्याने विचारले नाही. मी ककांना विचारले, ही तुमच्या पाऱ्यातली माणसे का? ते म्हणाले, नाहीत, खालच्या गावची आहेत. मग मुलाने दोर का धरला? ककांना प्रश्नाचेच नवल वाटले. नाव काठाला येत असताना वल्हेवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, प्रवाह तिला पुढे ओढत असतो, आणि नेमक्या त्या वेळी काठावर एक माणूस हवा असतो. जो काठावर असेल तो दोर धरतो. मग तो ओळखीचा असो की नसो.

घाटाचा पहिला नियम हाच असावा. लांबच्या जलप्रवासात नदीच्या मध्यावर माणूस स्वतःच्या हिमतीवर असतो. धोका वाढतो तो किनाऱ्याला लागताना. तिथे परका हात लागतो. असा हात ज्या गावाने न मागता पुढे केला, ते गाव नावाड्यांच्या लक्षात राहिले आणि पुढच्या खेपेला नाव पुन्हा तिथेच लागली.

सकाळी १०, पहिली फेरी

पहिले प्रवासी एक कुटुंब आहे. वडिलांच्या अस्थी घेऊन ते बऱ्याच लांबून आले आहेत. महानदी, शिवनाथ आणि जोंक या तीन नद्या इथे जवळजवळ येऊन मिळतात, म्हणून आसपासचे लोक या जागेला संगमाचे महत्त्व देतात. अस्थिविसर्जनाला दूर जाणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हेच तीर्थ.

कका आधी म्हाताऱ्या आईला चढवतात. तिचा हात धरत नाहीत. आपला खांदा तिच्या हाताखाली देतात, म्हणजे तोल तिचा तिच्याकडे राहतो. तिला मधोमध बसवतात, जड मुलगे दोन टोकांना. भाड्याची बोली त्यांनी काठावरच संपवली होती. नावेत बसल्यावर पैशाचा शब्द काढायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मध्यावर गेल्यावर ते वल्हे आत घेतात आणि डोंगा स्थिर राहावा म्हणून लांब बांबू वाळूत रोवून धरतात. विधी होईपर्यंत ते तसेच उभे असतात, तोंड दुसरीकडे करून.

परतताना म्हातारी पहिल्यांदाच बोलते. गावाचे नाव विचारते, ककांच्या मुलाबाळांची चौकशी करते. उतरल्यावर ककांच्या सूनबाई तिला घाटाच्या वरच्या पायरीवर बसवतात आणि पुन्हा तोच लोटा पुढे येतो. या कामाचे वेगळे पैसे कुणी घेत नाही.

सकाळी ११:३०, धार

उन्हाला जोर चढला आहे. आम्ही संगमाच्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध निघालो आहोत. आज मला महानदीचे पाणी वाचायला शिकायचे आहे.

या नदीचा तळ वाळूचा आहे. दर पावसाळ्यात पूर वाळू उचलतो आणि दुसरीकडे टाकतो, त्यामुळे खोल पाण्याची वाट दरवर्षी सरकते. गेल्या वर्षी जिथून नाव सहज गेली तिथे यंदा गुडघाभर पाणी असू शकते. कका त्या खोल वाटेला धार म्हणतात. ती कशी ओळखायची? पृष्ठभागावर बारीक, उभ्या लाटा थरथरत असतील तर खाली वाळूचा उंचवटा आहे. पाणी गडद आणि संथ दिसले तर खोली आहे. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल, आतल्या काठाला वाळू. शंका आली की बांबू टाकायचा. तो रेतीवर करकरला की नाव वळवायची.

हे ऐकताना जुना जलमार्ग कसा चालत असेल, याची मला नीट कल्पना आली. संबळपूरहून निघालेल्या नावाड्याला आरंगपर्यंतची प्रत्येक धार ठाऊक असणे शक्यच नव्हते. ती त्या त्या ठिकाणच्या केवटालाच ठाऊक असणार. म्हणून थांब्यावर त्याला शिधा-सरपण लागे, तशी पुढच्या टप्प्याची माहितीही लागे: यंदा जोंकच्या मुखाशी वाळू कुठे साचली, शिवनाथच्या पाण्याचा लोंढा नाव कुठे ढकलतो. प्रवाहाविरुद्ध जाताना वारा असेल तर शीड, नसेल तर बांबू, आणि तेही पुरले नाही तर काठावरून दोर बांधून नाव ओढायची. ओढायला माणसे कुठून आणायची? त्याच गावातून. थांब्याच्या आतिथ्यात असे ज्ञान आणि अंगमेहनत दोन्ही होते.

या पाण्याने माणसांना घाबरवलेही आहे. रामनामी पंथाचे लोक अंगावर रामनाम गोंदवून घेतात. त्यांची वस्ती याच पट्ट्यात आहे. सुमारे १९१०-११ सालची एक कथा ते सांगतात. महानदीला पूर आला होता, नाव मध्यावर भोवऱ्यात सापडली, आत बसलेल्या रामनामींनी भजन सुरू केले आणि नाव काठाला लागली. तेव्हापासून त्यांचा भजन मेळा भरतो, एक वर्ष नदीच्या उत्तर काठावर तर पुढच्या वर्षी दक्षिण काठावर. एका नावेने दोन्ही काठांना बांधलेला हा उत्सव शंभर वर्षांहून जास्त काळ चालला आहे.

दुपारी १, जेवण

ककांच्या घरी पंगत ओसरीवर बसते. भात, लाखडीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, सकाळच्या जाळ्यातल्या माशांचा आंबट रस्सा. मी संकोचून म्हटले की एवढे कशाला केले. ककांच्या पत्नी, ज्यांना सगळे दाई म्हणतात, हसल्या आणि भात आणखी वाढला. मेळ्याच्या दिवसांत या घरात जेवणारांचा आकडा सकाळी ठरलेला नसतो. भात नेहमी चार माणसांचा जास्त शिजतो, आणि तो उरत नाही.

दाई दुपारनंतर मेळ्यात लाह्या-फुटाणे विकायला बसतात. केवट बायकांचा हा जुना धंदा आहे: पुरुष पाण्यावर, बायका भट्टीवर. गरम वाळूत धान भाजून त्याच्या लाह्या करतात, हरभरे फोडतात. गुळाच्या पाकात घोळलेला उखरा हा इथल्या मेळ्याचा खास खाऊ. विचार केला तर लांबच्या नावेवर न्यायला याहून सोयीचा शिधा कुठला? न शिजवता खाता येतो, वजनाला हलका, दिवसेंदिवस टिकतो.

दुपारी २:३०, मंदिराच्या सावलीत

घाट थोडा निवांत झाला की मी वर मंदिरांकडे जाते. चंद्रचूड महादेवाच्या मंदिरात कलचुरी संवत ९१७ चा, म्हणजे इसवी सन ११६५ चा शिलालेख आहे. नारायणाच्या मंदिरात रीघ लागली आहे. माघ पौर्णिमेला पुरीचा जगन्नाथ इथे येऊन राहतो अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्या दिवशी सुरू होणारा मेळा महाशिवरात्रीपर्यंत चालतो. पुरी आणि हे गाव एकाच नदीच्या देशात आहेत, ही गोष्ट इथल्या भाविकाने नकाशा न पाहता ओळखली आहे. शबरीची बोरे आणि रामाला पार नेणारा केवट या दोन्ही कथा इथे घरच्या गोष्टींसारख्या सांगतात. दोन्ही कथा पाहुण्याला कसे घ्यावे याच्याच आहेत.

मराठी माणसाला या नदीवर आणखी एक आठवण येते. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले, १७५१ मध्ये ओडिशाचा किनारी मुलूख आला, आणि बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. म्हणजे छत्तीसगडचे पठार आणि कटकचा किनारा, दोन्ही एकाच दौलतीत होते, आणि महानदी त्या दोन्हींमधून वाहत होती. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक गेले. आमच्या घरांत नागपूरकरांचा इतिहास घोडदळाचा म्हणून सांगितला जातो. घाटावर बसले की वाटते, त्यात नावाड्यांचे एक प्रकरण असायला हवे.

नदीने या गावावर घालाही घातला आहे. १८८५ च्या महापुरात शिवरीनारायण बुडाले. त्या काळात इथे तहसीलदार असलेले हिंदी लेखक ठाकूर जगमोहनसिंह यांनी त्या पुरावर ‘प्रलय’ हे काव्य लिहिले. १८९१ मध्ये तहसील कचेरी जांजगीरला गेली. रेल्वे जांजगीरजवळून गेली होती. १८९३ मध्ये ती संबळपूरलाही पोहोचली. एका पिढीत माल पाण्यावरून रुळांवर गेला. मग १९५७ मध्ये हिराकुडचे धरण झाले आणि खालची वाट भिंतीने अडली. अलीकडे आरंगजवळच्या समोदापासून ओडिशाच्या सीमेकडच्या कलमापर्यंत समोदा, शिवरीनारायण, बसंतपूर, मिरौनी, साराडीह, कलमा असे सहा बंधारे बांधले गेले. जुन्या नावा ज्या टप्प्यात चालत, त्यातलाच हा भाग. या पाण्याच्या वाटपावरून छत्तीसगड आणि ओडिशात वाद आहे, आणि २०१८ पासून तो लवादापुढे आहे. २०१६ च्या कायद्याने महानदी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६४ झाली, पण तो संबळपूरपासून खाली पारादीपपर्यंतच्या ४२५ किलोमीटरचा. त्याच्या वरची नदी त्यात धरलेली नाही.

बंधाऱ्यांनी ककांच्या कामात दोन्ही गोष्टी केल्या. माघातही घाटाजवळ पाणी टिकते, त्यामुळे डोंगा चालतो. पण नदी आता तुकड्यांत विभागली आहे; एका तुकड्यातली नाव दुसऱ्यात जात नाही, आणि दारे उघडली की पाणी अचानक वाढते किंवा ओसरते. आजोबांना आभाळाकडे बघून पाणी कळायचे. ककांना त्याखेरीज बंधाऱ्यावर काय ठरले आहे त्याचीही खबर ठेवावी लागते.

दुपारी ४, वाळूतली वाडी

ऊन कलल्यावर डोंगा घेऊन आम्ही वाळूच्या एका पट्ट्यावर उतरतो. इथे ककांच्या घरची वाडी आहे: काकडी, कलिंगड, खरबूज. पाणी ओसरले की वाळूत हातभर खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत आणि गाळ भरायचा आणि बी लावायचे. खाली ओल असते, वरून ऊन मिळते. पूर येईपर्यंत जेवढे पिकेल तेवढे आपले. जमिनीचा तुकडा नसलेल्या केवट घरांना नदीने दिलेली ही शेती आहे.

वेली अजून कोवळ्या आहेत. वाऱ्याने वाळू अंगावर येऊ नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला गवताचा आडोसा आहे. ककांचा धाकटा मुलगा घागरीने पाणी घालतो आहे. त्याला नदीवरच राहायचे आहे. बाहेरून कुणी नावेने आले, चार दिवस या नदीवर फिरायचे म्हणाले, तर त्यांना सिरपूरपासून खाली न्यायला तो तयार आहे. सिरपूर ही दक्षिण कोसलची जुनी राजधानी, तिथले सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर आणि उत्खननात निघालेली मोठी बाजारपेठ नदीकाठीच आहे. खाली मांड नदीच्या संगमावर चंद्रपूरची चंद्रहासिनी देवी. शिवरीनारायणपासून जवळच खरोदचा लक्ष्मणेश्वर, आणि समोरच्या अंगाला गिरौदपुरी: १७५६ मध्ये जन्मलेल्या, सतनाम पंथाच्या गुरू घासीदासांचे गाव, जिथला ७७ मीटर उंचीचा जैतखाम हा स्तंभ कुतुबमिनाराहून उंच आहे. मुलाने ही ठिकाणे एकामागून एक अशी सांगितली की त्याच्या डोक्यात मुक्काम आखून तयार होते. बंधाऱ्यापाशी नाव बदलायची, सामान खांद्यावरून पलीकडे न्यायचे, तिथल्या केवटांच्या नावेत बसायचे. प्रत्येक टप्प्यावर तिथला माणूस. जुना जलमार्ग याच रीतीने चालला असणार, आणि या मुलाने ती रीत कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही.

संध्याकाळी ६, आरती

मेळ्याचे दिवे लागले आहेत. पाळणे, बांगड्यांची दुकाने, उखऱ्याचे ढीग, कडेवर मुले घेतलेल्या बायका. घाटावर आरतीची तयारी चालू आहे. रामाच्या वनवासाच्या वाटेवरची ठिकाणे जोडणाऱ्या राम वनगमन पथ योजनेत इथे बरेच काम झाले आहे, आणि शहरातून येणारे पाहुणे त्यामुळे वाढले आहेत.

हा ककांचा सर्वांत घाईचा तास. एका मागून एक फेऱ्या. त्यांच्या वागण्यात मला दिवसभर जे दिसले तेच गर्दीतही दिसते. माणसे ठरलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नाही. कुणी वीस रुपये जादा देतो म्हटले तरी नाही. उभे राहून फोटो काढणाऱ्याला ते ओरडत नाहीत, वल्हे थांबवतात. डोंगा थांबला की सगळे त्याच्याकडे बघतात आणि तो आपोआप बसतो. नदीला घाबरणारी एक लहान मुलगी रडू लागते. कका तिला “नोनी, इहां आ,” म्हणून जवळ बोलावतात आणि वल्ह्याच्या मुठीवर तिचे हात ठेवतात. उतरताना तिला उतरायचे नसते.

रात्री ८, हिशेब

शेवटची फेरी झाल्यावर डोंगा दोन दोरांनी बांधला जातो. एक खुंटाला, एक दगडाला, कारण रात्री पाणी बदलले तर एकावर भरवसा नको. वल्ही घरी येतात. ओसरीवर चिल्लर आणि नोटा वेगळ्या होतात. डांबराचे पैसे बाजूला, जाळ्याच्या सुताचे बाजूला, उरलेले दाईंच्या हातात. दाईंची लाह्यांची कमाई त्यात मिळते. मेळ्याच्या दिवसांत घर बरे चालते. पावसाळ्यात, पूर असताना, डोंगा बांधलेलाच असतो आणि तेव्हा याच पैशातून चालवायचे.

निघताना मी ककांना विचारते की इथे लांबच्या नावा पुन्हा याव्यात असे वाटते का. ते विचार करतात. येतील तर चांगलेच, म्हणतात, पण येणाऱ्याने आधी कळवावे, म्हणजे पाणी बघून सांगता येईल. मग थोडे थांबून पुढे जोडतात: न कळवता आला तरी उपाशी जाणार नाही.

दिवसभर हेच पाहिले, म्हणून हे स्पष्ट लिहिते. नदीपर्यटनाचे आराखडे आता सगळीकडे होत आहेत. त्यांत घाटाच्या पायऱ्या असतात, दिवे असतात, तरंगते धक्के आणि मोटारबोटी असतात. त्या वस्तू उपयोगाच्या आहेत. पण रानावनातून वाहणाऱ्या नदीवर दूरवर जाणाऱ्याला जे आधी लागते ते वेगळे आहे: काठावर दोर झेलणारा हात, पुढची धार कुठे आहे हे सांगणारा माणूस, अंगणात झोपायला जागा, शिजलेला जास्तीचा भात, आणि म्हाताऱ्या माणसाला नावेत कसे चढवायचे हे जाणणारा खांदा. हे सगळे शिवरीनारायणच्या केंवटपाऱ्यात तयार आहे. ते उभारायला एक रुपया खर्च करायचा नाही. खर्च करायचा आहे तो ते टिकवण्यावर.

म्हणजे काय करायचे, तेही साधे आहे. नदीवर नावा चालवण्याचे परवाने द्यायचे असतील तर पहिला हक्क घाटावरच्या केवट, निषाद, ढीमर कुटुंबांचा असावा, आणि ती मालक म्हणून असावीत, कुणा कंत्राटदाराचे रोजंदार म्हणून नव्हेत. बंधाऱ्याची दारे उघडण्याआधी सूचना घाटापर्यंत पोहोचावी. प्रत्येक बंधाऱ्याशी नावा आणि सामान पलीकडे न्यायला एक सपाट पायवाट असावी. घाटावर बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रात्री मुक्कामाला एक पडवी असावी. जाकिटे आणि दोर चांगले असावेत, आणि पावसाळ्याच्या बंद महिन्यांत या घरांना काही आधार मिळावा. समोदापासून कलमापर्यंतच्या घाटांवरचे जाणते नावाडी एकदा एकत्र बसले आणि त्यांनी आपापल्या टप्प्याची धार कागदावर उतरवली, तर तो या नदीचा सर्वांत विश्वासार्ह नकाशा होईल, आणि त्याची पहिली प्रत ककांच्या धाकट्या मुलाच्या हातात असायला हवी.